हप्ते वेळेवर, तरी सिबिल पुन्हा घसरते: चूक कुठे शोधायची

"सगळे हप्ते वेळेवर जातात, एकही चेक परत गेलेला नाही, तरी स्कोअर ७६० वरून ६९० वर आला. दोन महिन्यांनी जरा चढतो आणि परत खाली." बँकेत असताना ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकायचे. एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षे काढली. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी सोसायटीतली, नात्यातली माणसे रिपोर्टचे कागद घेऊन घरी येतात. त्यांना मी आधी स्कोअरचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासावरून काढलेला, आकडा बाजूला ठेवायला सांगते. आकडा कुणालाच दुरुस्त करता येत नाही. तो इतिहास ज्यात लिहिलेला असतो त्या रिपोर्टमधली चुकीची ओळ मात्र दुरुस्त करता येते, आणि वारंवार घसरणाऱ्या स्कोअरमागे बहुतेक वेळा अशी एखादीच ओळ दडलेली असते.

ती पुन्हा पुन्हा का उगवते, हे आधी समजून घ्या. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या ग्राहकांची माहिती चार कंपन्यांना पाठवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. सिबिल यांत सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली, म्हणून आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या स्कोअरला लोक 'सिबिल'च म्हणतात. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जायची. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. आता समजा, बँकेच्या संगणकात तुमचे खाते चुकून थकीत दिसते आहे. तुम्ही सिबिलकडे तक्रार केली, ओळ सुधारली, स्कोअर चढला. पंधरा दिवसांनी बँकेची पुढची फाइल गेली आणि तीच चूक तिच्याबरोबर परत आली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार आहे. चूक जिथे जन्माला येते तिथेच ती मिटवावी लागते.

आधी पूर्ण रिपोर्ट काढा

पेमेंटच्या अ‍ॅपवर फुकट दिसणारा स्कोअर या कामाला पुरत नाही. तिथे आकडा कळतो, कारण कळत नाही, आणि बऱ्याचदा तो सिबिलचा नसून दुसऱ्याच कंपनीचा असतो. आमच्या शेजारचे काका अ‍ॅपवर ७८१ पाहून निर्धास्त होते. बँकेने काढलेल्या रिपोर्टमध्ये निघाले ७०४. दोन्ही आकडे खरे होते. एका कंपनीकडे त्यांच्या जुन्या कार्डाची थकबाकी पोचली होती, दुसरीकडे नव्हती.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. २०१७ पासून हा हक्क आहे. संकेतस्थळावर पैसे भरायचे पान आधी समोर येते, घाईत पैसे भरू नका, मोफत वार्षिक रिपोर्टचा पर्याय तिथेच कुठेतरी असतो. एरवी दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा रिपोर्ट काढला तर वर्षभर लक्ष राहते, पण स्कोअर आधीच घसरत असेल तर चारही एकाच दिवशी काढा. आपला रिपोर्ट आपण पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती मी शिकल्या-सवरलेल्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मुद्दाम लिहिते आहे.

रिपोर्ट हातात आला की थेट खात्यांच्या भागात जा. प्रत्येक खात्यासमोर मालकीचा प्रकार असतो: स्वतःचे, संयुक्त की जामीनदार म्हणून. मग चालू बाकी, थकीत रक्कम, खाते बंद झाल्याची तारीख आणि बँकेने माहिती कळवल्याची तारीख. त्याखाली ३६ महिन्यांपर्यंतची चौकटींची जाळी असते. चौकटीत ००० किंवा एसटीडी असेल तर सगळे ठीक. ०३० म्हणजे हप्ता तीस दिवस लांबलेला. एक्सएक्सएक्स पाहून लोक घाबरतात, पण त्याचा अर्थ त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही, एवढाच. एसएमए, एसयूबी, डीबीटी, एलएसएस ही अक्षरे मात्र थांबून पाहायची. हप्ते ताणले गेल्यापासून खाते पार बुडीत धरेपर्यंतच्या त्या पायऱ्या आहेत.

ओळखीचे नसलेले प्रत्येक खाते आणि '०००', एसटीडी किंवा एक्सएक्सएक्स नसलेली प्रत्येक चौकट लाल पेनाने गोल करा. तपासायचे ते एवढेच.

फेडलेले कर्ज अजून चालू दिसते

हे सगळ्यांत जास्त वेळा सापडते, आणि माझ्या स्वतःच्या बाबतीतही घडले. मुलाच्या कॉलेजसाठी २०१८ मध्ये एका फायनान्स कंपनीकडून माझ्या नावावर स्कूटर घेतली होती. २०२१ मध्ये शेवटचा हप्ता खात्यात पैसे कमी असल्याने परत गेला. चार दिवसांत शाखेत जाऊन हप्ता भरला, बाउन्सचे साडेचारशे रुपये भरले, पावती घेतली. कर्ज संपले असे मानून मी मोकळी झाले. नो ड्यूज पत्र मागितले नाही, आरसी बुकवरचा बोजाही उतरवायचा राहिला. कर्ज विभागात बसून रोज लोकांना जे सांगायचे, तेच माझ्याकडून राहून गेले.

२०२५ मध्ये मुलाच्या घरकर्जात सहकर्जदार म्हणून माझे नाव घातले, तेव्हा बँकेतल्या मुलीने विचारले, "मॅडम, तुमचं एक टू-व्हीलर लोन ओव्हरड्यू आहे का?" साडेचारशे रुपये, चार वर्षे थकीत. मी शाखेत भरलेली ती रक्कम कंपनीच्या वहीत माझ्या खात्याला जमाच झाली नव्हती. संगणकाने दर महिन्याला इमानदारीने एक वाईट चौकट भरली होती. रक्कम किती लहान आहे याने विशेष फरक पडत नाही. किती दिवस थकली, ते मोजले जाते.

मी आधी सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांत थकबाकी शून्य झाली, स्कोअर वर आला, आणि पुढच्याच महिन्यात साडेचारशे रुपये परत हजर. सिबिल किंवा बाकी तिघी स्वतःच्या मनाने एकही ओळ बदलू शकत नाहीत. त्या कर्ज देणाऱ्याला विचारतात आणि तो सांगेल ते लिहितात. माझ्या बाबतीत कंपनीत कुणीतरी तेवढ्यापुरते 'हो, दुरुस्त करा' म्हटले होते, मूळ वहीला मात्र हात लावला नव्हता.

अशा वेळी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र द्यायचे. त्यांचा ईमेल संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. मी लिहिलेला मजकूर असा होता:

"माझ्या वरील कर्ज खात्याची संपूर्ण रक्कम दिलेल्या तारखेला भरलेली आहे, पावती सोबत जोडली आहे. तरीही आपण क्रेडिट माहिती कंपन्यांना हे खाते चालू व थकीत असल्याचे कळवत आहात. कृपया आपल्या मूळ नोंदी दुरुस्त कराव्यात, खाते बंद झाल्याची योग्य तारीख चारही कंपन्यांना कळवावी, थकीत दिवसांच्या चुकीच्या नोंदी त्या त्या महिन्यासाठी दुरुस्त कराव्यात, आणि हे केल्याचे मला लेखी कळवावे. नो ड्यूज प्रमाणपत्रही द्यावे."

'मूळ नोंदी' आणि 'त्या त्या महिन्यासाठी' हे शब्द गाळू नका. नुसते खाते बंद केले तर मागच्या वाईट चौकटी तशाच राहतात आणि स्कोअर काही हलत नाही. सोबत पावती, शेवटच्या हप्त्याचे बँक स्टेटमेंट आणि रिपोर्टचे ते पान, ज्यावर वरचा कंट्रोल नंबर (त्या रिपोर्टचा क्रमांक) दिसतो, हे जोडा. फोनवर बोलून काम झाले असे कधीही समजू नका.

कार्डाचे पैसे पूर्ण भरतो, तरी

क्रेडिट कार्डाच्या घसरणीत बहुतेकदा चूक कुणाचीच नसते. कार्डाची मर्यादा ५०,००० आहे, महिन्याला ४५,००० खर्च होतात, बिल आले की सगळे भरले जातात. पण बँक ज्या दिवशीची बाकी कळवते, त्या दिवशी रिपोर्टमध्ये ४५,००० दिसतात, मर्यादेच्या ९० टक्के. हा माणूस उधारीवरच घर चालवतो, असा अर्थ त्यातून निघतो. पुढच्या महिन्यात खर्च कमी झाला की स्कोअर चढतो, दिवाळीत परत पडतो. वर-खाली होणारा स्कोअर आणि एकही वाईट चौकट नाही, असे दिसले की मी आधी कार्डच विचारते. उपाय साधा आहे. बिल तयार होण्याच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी बरीचशी रक्कम भरून टाका. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मर्यादा वाढवून मिळत असेल तर घ्या, मात्र खर्च तोच ठेवा.

'किमान रक्कम' भरणाऱ्यांची गोष्ट निराळी आणि जास्त काळजीची. बिल ४०,००० रुपयांचे, किमान रक्कम पाच टक्क्यांनी २,००० भरली. रिपोर्टमध्ये खाते नियमित दिसेल. पण उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे २४०. म्हणजे भरलेल्या दोन हजारांतून कर्ज कमी होते ते जेमतेम ४३० रुपयांनी. बाकी तशीच उंच राहते, वापर ८०-९० टक्क्यांवर अडकतो आणि वर्षभर स्कोअर दबून राहतो. असे दोन कार्डांवर झाले असेल तर सोनेतारण किंवा मुदत ठेवीवरचे कर्ज काढून कार्डे एकदम फेडलेली बरी. व्याज कार्डाच्या तुलनेत कितीतरी कमी पडते.

आणि एक विसरलेले कार्ड. मॉलमध्ये कुणी गळ्यात मारले, एकदाही वापरले नाही. दुसऱ्या वर्षी ५०० रुपये वार्षिक फी अधिक जीएसटी, ५९० रुपये लागले. मोबाइल नंबर बदललेला, मेसेज आलाच नाही, त्यावर दंड-व्याज चढत गेले. माझ्या भाच्याचे असेच झाले, नोकरी लागून दोन वर्षे झालेला मुलगा, स्कोअर ६१२. रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो की बाकी पूर्ण भरलेली असेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पुरी करावी लागते, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. कार्ड कात्रीने कापून टाकले म्हणजे ते बंद होत नाही. लेखी विनंती करा आणि बंद झाल्याचे उत्तर जपून ठेवा. एक दिलासा आहे: मुदत उलटून तीन दिवस होईपर्यंत कार्ड कंपनीला खाते थकीत म्हणून कळवता येत नाही. म्हणजे रविवारी पैसे अडकले तर सोमवारी भरायला वेळ आहे.

जामीन राहिलात, ते विसरलात

याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे जामीन राहणे म्हणजे नातेसंबंधातला एक शब्द समजतात. "दादा, नुसती सही पाहिजे." मेहुण्याच्या दुकानाच्या कर्जाला, सहकाऱ्याच्या गाडीला, गावातल्या मित्राच्या ट्रॅक्टरला. सही करणारा घरी येऊन चहा पितो आणि विसरतो. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८, सांगतो की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि काहीच हाती आले नाही तरच जामीनदाराकडे यावे, असा क्रम कायद्यात नाही.

रिपोर्टमध्ये हे खाते 'जामीनदार' या मालकीखाली तुमच्या नावावर दिसते. मेहुण्याने तीन हप्ते थकवले की चौकटी दोघांच्याही रिपोर्टात वाईट होतात. नंतर ऊस बिल आले, त्याने एकदम भरले, तुमचा स्कोअर चढला. पुढच्या हंगामात परत तेच. पश्चिम महाराष्ट्रात स्कोअरचा आलेख उसाच्या बिलांबरोबर हलताना मी प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि ज्याचा स्कोअर होता तो बिचारा पुण्यात आयटीत नोकरी करत होता, त्याच्या घरी एक गुंठाही ऊस नव्हता.

यातून बाहेर पडणे सोपे नाही, हे खरे सांगायला हवे. जामीन काढून घेण्यासाठी बँकेची संमती लागते, आणि बँक दुसरा तितकाच भक्कम जामीनदार किंवा तारण मिळाल्याशिवाय सोडत नाही. दोन गोष्टी मात्र आजच करता येतात. कर्जाचा हप्ता कुठल्या तारखेला जातो ते विचारून आपल्या कॅलेंडरात लिहा, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून 'गेला का' म्हणून विचारा. संकोच वाटतो, पण मान राखून विचारता येते. आणि कर्ज देणाऱ्या शाखेला लेखी कळवा की हप्ता थकल्यास मलाही त्याच दिवशी मेसेज यावा. सहकर्जदाराचेही असेच आहे. मुलगा जर्मनीत किंवा अमेरिकेत शिकायला गेला, शैक्षणिक कर्जाचा सवलतीचा काळ संपून हप्ते सुरू झाले, मेसेज त्याच्या बंद झालेल्या भारतीय नंबरवर. इथे बाबांचा स्कोअर पडतो आणि तिकडे मुलाला पत्ताही नसतो, कारण तिथल्या बँकांना आपल्या सिबिलशी देणेघेणे नसते.

सोनेतारण आणि पीक कर्ज

"सोने बँकेतच आहे ना, मग काय होतंय?" सोनेतारण कर्जाची मुदत उलटली की तेही थकीत म्हणूनच कळवले जाते. वर्षअखेरीला व्याज भरून नवे-जुने, म्हणजे जुने कर्ज मिटवून नवे, करायचे राहिले तर सोने तिजोरीत सुरक्षित आणि स्कोअर खड्ड्यात, अशी अवस्था होते. मुदत संपण्याची तारीख पावतीवर असते, तिचा फोटो काढून ठेवा.

पीक कर्जात मार्चअखेरीच्या नव्या-जुन्याचा तोच खेळ. कर्जमाफी येईल या आशेने भरणा थांबवला तर मधल्या काळातल्या चौकटी वाईट होतात, आणि माफी मिळाल्यावरही खाते रिपोर्टमध्ये कसे लिहिले आहे ते बघावे लागते. २०१७ किंवा २०१९ च्या योजनेत खाते मिटले असेल आणि अजून थकीत दिसत असेल, तर बँकेकडून बेबाकीचा, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा, दाखला घेऊन वरच्यासारखेच पत्र द्या. पीक कर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावले आहे. ते पीक कर्जापुरते झाले. त्याच शेतकऱ्याने मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मागितले की रिपोर्ट निघतोच.

सेटलमेंट केले होते

वसुलीवाला फोन करतो, "एक लाख ऐंशी हजार आहेत, सत्तर भरा, मिटवून टाकू." त्रासलेला माणूस कसेतरी सत्तर हजार उभे करतो आणि मिटले म्हणून समाधानाने झोपतो. रिपोर्टमध्ये मात्र 'बंद' असे न येता 'सेटल्ड' असे येते, आणि पुढचा कर्ज अधिकारी ते वाचतो: या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. ही नोंद खरी असल्यामुळे तक्रार करून निघत नाही. मार्ग एकच: बँकेकडे जाऊन सोडून दिलेली उरलेली रक्कम विचारा, बरेचदा दंड-व्याज वगळून आकडा मिळतो, तो भरा, आणि 'खाते पूर्ण फेडून बंद' असे कळवण्याचे लेखी आश्वासन पैसे भरण्याआधी घ्या. आधी आश्वासन, मग पैसे. उलट क्रम केलेल्यांना मी शाखांच्या पायऱ्या झिजवताना पाहिले आहे. नुकताच सेटलमेंटचा फोन आला असेल आणि थोडी सवड मिळत असेल, तर सेटलमेंटऐवजी हप्ते पाडून मागा.

कर्ज वसुलीसाठी दुसऱ्या कंपनीला विकले गेले असेल तर एकच कर्ज दोनदा दिसते, बँकेच्या नावावर 'राइट ऑफ' (बुडीत धरून वहीतून काढलेले) आणि खरेदी करणाऱ्या कंपनीच्या नावावर थकीत. पैसे कंपनीला भरल्यावर बँकेची ओळही बंद झाली का, ते बघा.

हे कर्ज माझे नाहीच

नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते चिकटू शकते, किंवा तुमच्या पॅनवर कुणीतरी मोबाइल अ‍ॅपमधून पाच-दहा हजारांचे कर्ज काढलेले असते. आधी नीट आठवून बघा: ऑनलाइन खरेदी करताना 'आत्ता घ्या, नंतर द्या' असे काही दाबले होते का? तेही कर्जच असते, एखाद्या एनबीएफसीच्या, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीच्या, नावावर रिपोर्टमध्ये येते, आणि त्या एनबीएफसीचे नाव आपण कधी ऐकलेलेच नसते. ते नसेल, खरोखर फसवणूक असेल, तर १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार करा, तिची प्रत जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि चारही माहिती कंपन्यांना त्याच दिवशी लिहा.

इथेच एक विनंती. 'सिबिल वाढवून देतो' अशा पाट्या आणि मेसेज सगळीकडे दिसतात. खरी नोंद पैसे देऊन कुणालाही काढता येत नाही, आणि खोटी नोंद काढायला पैसे लागत नाहीत. ही माणसे तुमचा पॅन, आधार आणि ओटीपी मागतात. कृपया देऊ नका.

चौकशांची रांग

एका महिन्यात सहा बँकांत अर्ज केले की रिपोर्टच्या शेवटी सहा चौकशा, म्हणजे बँकांनी तुमचा रिपोर्ट मागवल्याच्या नोंदी, दिसतात आणि स्कोअर थोडा खाली येतो. काही महिने नवा अर्ज केला नाही की परिणाम विरतो. नकार आला की रागाने दुसरीकडे अर्ज करायचा, हे मात्र थांबवा. नकाराचे कारण आधी विचारा.

स्कोअरच नाही, −१ येतो

रिपोर्टमध्ये −१ म्हणजे इतिहासच नाही, त्याचा अर्थ वाईट नव्हे. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. माझ्याकडे अशी माणसे येतात आणि दुखावलेली असतात: "पंधरा वर्षं पतसंस्थेचं कर्ज फेडतोय, एक हप्ता चुकला नाही." पण गल्लीतल्या पतसंस्थेचे कर्ज या रिपोर्टमध्ये सहसा पोचतच नाही, आणि भिशीचे तर नाहीच नाही. त्यांची शिस्त खरी असते, फक्त ती कुठे लिहिली गेलेली नसते. बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्यावर मिळणारे कार्ड घ्या, त्यावर दरमहा किराणा किंवा वीजबिल भरा आणि तारखेआधी पूर्ण फेडा. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो.

घरकर्जाच्या वेळी हा आकडा किती पैशांचा असतो ते बघा. तीस लाख रुपये, वीस वर्षे. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २६,०३५. स्कोअर कमी म्हणून सव्वानऊ टक्के लागले तर २७,४७६. महिन्याला १,४४० रुपये, २४० हप्त्यांत जवळजवळ साडेतीन लाख.

तीस दिवस मोजा

तक्रार दिल्यापासून तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. कर्ज देणाऱ्या संस्थेने एकवीस दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची आणि माहिती कंपनीने उरलेल्या दिवसांत ती चढवायची. उशीर झाला तर तिसाव्या दिवसानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते, जिच्याकडून उशीर झाला तिने द्यायची. एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. पण 'माझा स्कोअर कमी का' या तक्रारीला ही भरपाई नाही, कारण स्कोअर कसा काढायचा हा त्या कंपनीचा हिशोब आहे. 'अमुक खात्याची अमुक नोंद चुकीची आहे' असेच लिहा, आणि तक्रारीत स्वतःचा बँक खाते क्रमांक द्यायला विसरू नका.

तीस दिवस गेले, उत्तर नाही किंवा उडवाउडवीचे उत्तर आले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँका आणि मोठ्या एनबीएफसी आल्या, सप्टेंबर २०२२ पासून माहिती कंपन्याही आल्या. रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींसाठीच्या सीएमएस संकेतस्थळावर तक्रार मोफत नोंदवता येते, १४४४८ वर फोन करून मराठीतही विचारता येते. वकील लागत नाही. आधी संस्थेकडे केलेल्या तक्रारीची तारीख आणि प्रत मात्र लागतेच, म्हणून पहिले पत्र ईमेलने किंवा पोच घेऊन द्यायचे.

माझ्या साडेचारशे रुपयांची पावती जोडून केलेल्या दुसऱ्या तक्रारीला चव्वेचाळीस दिवस लागले. पंचेचाळिसाव्या दिवशी नो ड्यूज पत्र ईमेलने आले आणि तीन दिवसांनी खात्यात १,४०० रुपये जमा झाले. तरी मी दोन पंधरवडे थांबले आणि चारही रिपोर्ट परत काढून पाहिले, कारण मागच्या वेळी इथेच फसले होते. तिघींकडे खाते २०२१ च्या तारखेने बंद दिसत होते. चौथीकडे 'माहिती कळवल्याची तारीख' अजून जुनीच होती. तिला त्याच पत्राची प्रत पाठवली, आणि पुढच्या पंधरवड्यानंतर तिथलीही ओळ बंद झाली. मग बोजा उतरवायला आरटीओत गेले.